शिक्षकाचे नाव नसलेले पुस्तक

आपल्या समाजात एखादे गुरुजी किंवा एखाद्या बाई निवर्तल्या की त्यांच्यावर लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. जन्मगाव, घरची गरिबी, ट्रेनिंग कॉलेज, एकाच शाळेत तीस-पस्तीस वर्षांची सेवा, वरून कडक पण आतून प्रेमळ स्वभाव, मोठ्या हुद्द्यांवर चढलेल्या विद्यार्थ्यांची नामावळी, आणि शेवटी ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो ही प्रार्थना. ह्या रीतीने आम्हीही अनेक स्मरणलेख लिहिले आहेत आणि त्यांत खोटे काही नव्हते. परंतु असे लेख लिहिणारे, वाचणारे आणि शोकसभेत बोलणारे बहुधा सगळे उत्तीर्ण झालेले विद्यार्थी असतात. त्याच बाईंच्या वर्गातून सहावीत, आठवीत, नववीत जी मुले मुकाट्याने नाहीशी झाली, त्यांना स्मरणिकेसाठी लेख कोणी मागत नाही. त्यांना लिहिता येत नसेल, असे आपण गृहीतच धरलेले असते.

१९६७ च्या मे महिन्यात इटलीत फ्लॉरेन्सच्या एका लहान प्रकाशनसंस्थेने एक पुस्तक काढले. नाव 'लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा', म्हणजे 'एका शिक्षिकेला पत्र'. लेखकाच्या जागी 'बार्बियानाची शाळा' एवढेच छापलेले होते. डोंगरातल्या आठ मुलांनी ते मिळून लिहिले होते. शिक्षक होण्याची इच्छा धरून शहरातील विद्यालयात गेलेल्या त्यांच्यातल्या मुलांना तेथे नापास करण्यात आले होते, आणि नापास करणाऱ्या बाईंना उद्देशून हे पत्र होते. थोडक्यात, जो लेख कोणी मागितला नव्हता तो ह्या मुलांनी लिहून दिला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर महिना-दीड महिन्यातच, २६ जून १९६७ रोजी, त्यांना शिकवणारे धर्मगुरू लोरेन्झो मिलानी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने मरण पावले. लेखक म्हणून त्यांचे नाव पुस्तकावर नाही. एका शिक्षकाच्या जीवनकार्याचे ह्याहून बोलके स्मारक आमच्या वाचनात दुसरे नाही, म्हणून त्या पुस्तकाचे आणि त्या माणसाचे आज एकत्र परीक्षण करावेसे वाटते. पुस्तक हिंदीत आणि मराठीतही आलेले आहे, त्यामुळे वाचकांना ते ताडून पाहता येईल.

एक खुलासा आधीच करतो. इटलीत धर्मप्रांतीय धर्मगुरूंना 'डॉन' म्हणतात. मुंबईच्या परिसरातील वाचकाला त्या शब्दाने भलताच कोणीतरी आठवेल, तेव्हा आम्ही आपले फादरच म्हणू.

फादर मिलानींचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समध्ये झाला. घराणे श्रीमंत आणि विद्वान. पणजोबा दोमेनिको कोंपारेत्ती हे युरोपभर नाव असलेले भाषापंडित, आजोबा पुराणवस्तुशास्त्रज्ञ, आई ज्यू वंशाची. घरात पुस्तके भरपूर होती, धर्माचरण जवळजवळ नव्हते. मुलगा चित्रकलेकडे वळला, मिलानच्या ब्रेरा कलाशाळेत काही काळ शिकला, आणि १९४३ साली, युद्ध ऐन भरात असताना, श्रद्धेकडे वळून त्याच वर्षी सेमिनरीत दाखल झाला. १३ जुलै १९४७ रोजी गुरुदीक्षा झाली. पुढे मुलांना भाषा शिकवताना त्यांनी जी हत्यारे वापरली ती ह्या घरातून आणली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. गरिबांची भाषा त्यांना जन्माने मिळालेली नव्हती. शब्दाला सत्ता असते हे मात्र ते लहानपणापासून पाहत आले होते, कारण ती सत्ता त्यांच्याच घरी नांदत होती.

पहिली नेमणूक फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो दी कालेंझानो येथे साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली. तेथे त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रशाळा काढली आणि तिच्या खोलीतील भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला. कम्युनिस्ट कुटुंबांतली मुलेही त्या शाळेत येत, आणि येथे शिक्षणाच्या नावाखाली धर्मप्रचार चालतो असे म्हणण्यास कोणालाही जागा राहू नये हा त्यामागचा हेतू. हे वाचताना आमच्यातला धर्मगुरू आजही चपापतो. पण त्यामागचा त्यांचा विचार पुढे 'एस्पेरिएन्झे पास्तोराली' ह्या १९५८ च्या ग्रंथात सविस्तर आला. लोक मिरवणुकीला येतात, मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर घेताना सजवून आणतात, सण साजरे करतात, पण वेदीवरून आपण जे बोलतो ते त्यांना कळत नाही. आणि ते कळत नाही ह्याचे कारण त्यांची श्रद्धा उणी आहे हे नसून त्यांच्याजवळ शब्द उणे आहेत हे आहे, असे त्यांनी गावाची आकडेवारी मांडून दाखवले. शाळा आपल्याला जणू आठव्या संस्काराइतकी पवित्र वाटते, अशा अर्थाचे त्यांचे विधान त्याच ग्रंथातले. तरुणांना चर्चच्या आवारात टिकवण्यासाठी फुटबॉल, टेबल टेनिस आणि सिनेमा पुरवणाऱ्या धर्मगुरूंचा त्यांनी त्यात कठोर समाचार घेतला आहे. (सणाच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामात क्रिकेटच्या चषकासाठी जितकी धावपळ होते तितकी वाचनालयासाठी वर्षभरात होत नाही, हे लिहिताना आम्हांस काही आनंद होत नाही.) कार्डिनल दाल्ला कोस्ता ह्यांची छापण्याची अनुज्ञा असूनही त्याच वर्षाच्या डिसेंबरात रोममधील 'होली ऑफिस'च्या आदेशाने हा ग्रंथ विक्रीतून काढून घेण्यात आला. तो आदेश आता लागू नाही असे २०१४ साली कळवण्यात आले. मध्ये ५६ वर्षे गेली.

ग्रंथ येण्यापूर्वीच, डिसेंबर १९५४ मध्ये, त्यांची बदली बार्बियानाला झाली होती. मुजेल्लो खोऱ्यात, मोंते जोवी डोंगराच्या उतारावर शंभरेक माणसांची विखुरलेली वस्ती. रस्ता नाही, वीज नाही, नळाचे पाणी नाही. धर्मग्राम बंद करण्याचे जवळजवळ ठरलेच होते, केवळ त्यांच्यासाठी ते चालू ठेवले गेले. बदलीच्या भाषेचा ज्यांना अनुभव आहे त्यांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही. पोहोचल्यावर फादरांनी पहिल्या काही कामांत एक केले, ते म्हणजे तेथल्या लहानशा दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेऊन ठेवली. आपण येथून दुसऱ्या चांगल्या नेमणुकीची वाट पाहणार नाही, हे गावाला सांगण्याची ती पद्धत होती. तेव्हा त्यांचे वय ३१ होते.

तेथली शाळा वर्षाचे ३६५ दिवस चाले, दिवसाचे बारा तास. प्राथमिक शाळेनंतर शिक्षण सुटलेली शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची मुले तिच्यात येत. मोठ्यांनी लहानांना शिकवायचे, रोज वर्तमानपत्र वाचायचे आणि कळले नाही तेथे थांबायचे, मग एखाद्या शब्दावर सकाळ गेली तरी चालेल. सुट्टी नव्हती; मुलांनीही ती मागितली नाही, कारण सुट्टी म्हणजे गोठ्यातले शेण काढणे. डोंगरातल्या मुलांची पाण्याची भीती जावी म्हणून त्यांनी मिळून पोहण्याचा एक लहान हौद बांधला. मोठी झाल्यावर मुले काम करून भाषा शिकण्यासाठी इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीला पाठवली जात. भिंतीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिलेले होते : 'आय केअर'. फासिस्टांची जी घोषणा होती तिचा मराठी भावार्थ 'मला काय त्याचे' असा होईल, आणि हे दोन शब्द तिला दिलेले उत्तर होते. मराठीत ह्याचे भाषांतर करू लागलो की आम्ही अडतो. 'पर्वा' हा शब्द आपण बहुतेक वेळा 'नाही' ह्या शब्दाला जोडूनच वापरतो.

आता पुस्तकाकडे वळतो. ते सेमिनरीत असताना इंग्रजीतून आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला ते एक बंडाचे पुस्तक वाटले आणि त्या वयाला शोभेल इतके आवडले. पन्नाशी उलटल्यावर, शाळेचे व्यवस्थापक म्हणून कागदांवर सह्या करण्याचे काम वाट्याला आल्यावर ते पुन्हा वाचले, तेव्हा पत्राच्या पाकिटावर आपलाच पत्ता आहे की काय असा संशय येऊ लागला.

त्याची रचना साधी आहे. छोटे परिच्छेद, त्यांना छोटी शीर्षके, विशेषणे जवळजवळ नाहीत. दोन मुले पुस्तकभर येत राहतात. एक शेतकऱ्याचा जान्नी, दुसरा डॉक्टरांचा पिएरिनो. पिएरिनो शाळेत येण्यापूर्वीच शाळेची भाषा बोलतो, जान्नी आपल्या घरची भाषा घेऊन येतो. दोघांची उत्तरपत्रिका एकाच लाल शाईने तपासली जाते, आणि ह्यालाच न्याय म्हणतात. असमानांना समान वाटप करणे हा अन्याय आहे, हा त्या मुलांचा मुख्य मुद्दा. इटलीत १९६२ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतची माध्यमिक शाळा सर्वांना एक आणि सक्तीची झाली होती. कायदा कागदावर उत्तम होता. ह्या मुलांनी मग हिशेब मांडला : एखाद्या वर्गात पहिलीला किती मुले होती, दर वर्षी किती गळाली, गळालेल्यांचे बाप कोणती कामे करतात. ती कोष्टके पुस्तकाच्या शेवटी जोडलेली आहेत, आणि त्यांसाठी इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पुस्तकाला पारितोषिक दिले. शाळा सक्तीची करून नापास करणे म्हणजे बऱ्या माणसांना औषध देऊन आजाऱ्यांना दाराबाहेर काढणारे इस्पितळ चालवणे, ही त्यांची उपमा पुढे जगभर गेली.

येथे महाराष्ट्रातल्या वाचकास महात्मा फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडले होते : रयतेच्या श्रमातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. फुल्यांचे निवेदन आणि बार्बियानाचे पत्र ह्यांत ८५ वर्षांचे अंतर आहे, आणि एकाने दुसऱ्याचे नावही ऐकलेले नसावे. तरी दोघांचा राग एकाच जातीचा आहे. त्यात हिशेब आहे आणि रड नाही. आपल्याकडे शिक्षकाचे आदर्श चित्र बहुधा साने गुरुजींच्या वळणाचे असते. डोळ्यांत पाणी आणि पाठीवर हात. अमळनेरच्या त्या थोर शिक्षकाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पण त्यांच्या अनुकरणात जो ओलेपणा शिल्लक राहिला त्याने आपले शिक्षणविषयक लेखन फार भिजवून टाकले. बार्बियानाचे पत्र कोरडे आहे, आणि त्याचे बळ त्या कोरडेपणात आहे.

भाषेविषयीचा भाग आम्हांला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गरीब माणसे बोलत बोलत भाषा घडवीत असतात आणि श्रीमंत ती गोठवून, गोठलेल्या भाषेत न बोलणाऱ्याला नापास करतात, असे ही मुले म्हणतात. ही मुले तोस्कानातली, म्हणजे ज्या प्रदेशाच्या बोलीतून प्रमाण इटालियन भाषा उभी राहिली त्याच प्रदेशातली. त्यांनाच सांगण्यात आले की तुम्हांला इटालियन येत नाही! वसईत कादोडी किंवा वाडवळी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात तोंड उघडते तेव्हा काय होते, हे आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारावे. आम्ही स्वतः 'शुद्ध' बोलायला शिकलो आणि त्या शुद्धतेच्या जोरावर वेदीपर्यंत पोहोचलो. वर्गातले जे मित्र शिकले नाहीत ते वाडीत राहिले. ते मुके नव्हते. घरी आल्यावर आमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या गोष्टी सांगत.

मग ह्या पुस्तकाचा लेखक कोण? हा प्रश्न टाळून चालणार नाही. फादर मिलानींनी ठामपणे सांगितले की आपण लेखक नाही, आपण फक्त एकत्रित लेखनाचे तंत्र शिकवले. १९६३ च्या उन्हाळ्यात मारियो लोदी नावाचे प्राथमिक शिक्षक बार्बियानाला आले होते. दोन शाळांतील मुलांनी एकमेकांना पत्रे लिहावीत असे तेव्हा ठरले, आणि त्यातून ही पद्धत आकाराला आली. तिचे वर्णन पुस्तकातच आहे. प्रत्येकाने खिशात वही ठेवायची, सुचेल ते टिपायचे, मग सगळ्या टिपणांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून एकसारख्या वगळायच्या, उरलेल्यांचे ढीग लावायचे, त्यांचा क्रम ठरवायचा, आणि मग काटछाट सुरू : जड शब्द काढा, लांब वाक्य तोडा, एका वाक्यात दोन गोष्टी ठेवू नका. अखेरीस बाहेरच्या माणसांना, शक्यतो फार न शिकलेल्यांना, वाचून दाखवा आणि त्यांना कळले नाही ते बदला. आमच्या त्रैमासिकाच्या संपादकमंडळाने ही पाने वाचावीत अशी आमची नम्र सूचना आहे.

असे असले तरी, फादरांची स्वतःची पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना ह्या पुस्तकातला आवाज ओळखीचा वाटतो. १९६५ साली सैन्यातील काही निवृत्त धर्मगुरूंनी युद्धात शस्त्र घेण्यास नकार देणाऱ्यांना भ्याड ठरवले, तेव्हा फादरांनी त्यांना उघड पत्र लिहिले. त्यावरून खटला झाला, आजारामुळे न्यायालयात जाणे शक्य नव्हते म्हणून न्यायाधीशांना त्यांनी लेखी निवेदन धाडले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये ते निर्दोष सुटले. त्या निवेदनाचा उपरोध, त्याची घाव घालण्याची ढब, पुरावा मांडून गप्प बसण्याची सवय ही सगळी 'पत्रा'त आहे. पुस्तक वरकरणी एकाच मुलाने सांगितल्यासारखे आहे, आणि लेखक आठ आहेत असे ते स्वतःच सांगते. आमच्या मते त्या आवाजात नववा माणूसही आहे. ह्याला कोणी लबाडी म्हणेल, पण आम्हांला ती वाटत नाही. बारा-बारा तास, वर्षानुवर्षे ज्याच्याजवळ बसून भाषा शिकली त्याच्या वाक्याची लकब मुलांच्या वाक्यात उतरणारच. फरक एवढाच की इतर शिक्षक ह्या लकबीखाली आपली सही करतात, आणि ह्या शिक्षकाने सहीची जागा मुलांना दिली. तेवढ्यावरून मुलांनी सगळे एकट्याने केले असे मानणे भाबडेपणाचे आहे, आणि सगळे फादरांनीच लिहिले असे म्हणणे त्या मुलांना पुन्हा एकदा नापास करणे आहे.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. पत्रातली शिक्षिका कधी बोलत नाही. तिला आपली बाजू मांडता येत नाही. तिचा पगार, तिचा वर्ग, तिच्यावरचे निरीक्षक, ह्यांतले जवळजवळ काहीच आपल्याला दिसत नाही. अभ्यासक्रम आखणारे मंत्रालय दूर होते आणि बाई समोर होत्या, म्हणून घाव बाईंवर बसले. आणखी एक गोष्ट आम्हांला खटकते. ज्या शाळेत मुली अगदीच थोड्या होत्या त्या शाळेने आपला सगळा राग एका स्त्रीच्या नावे पाठवला आहे. मुली का आल्या नाहीत ह्याचा उल्लेख पुस्तकात आहे : रस्ता कठीण, आणि बाईमाणसाला कोंबडीच्या मेंदूवरही दिवस काढता येतात हा आईबापांचा समज. उपरोध नेमका आहे. पण त्यापुढे ही मुले जात नाहीत. जान्नीची बहीण घरात काय करते हे ह्या पुस्तकाला ठाऊक नाही. आमच्या धर्मभगिनींनी ज्या काळात मुलींच्या शाळा काढल्या त्या काळाचे महत्त्व अशा पुस्तकाशेजारी ठेवल्यावर अधिक कळते.

फादरांची शिस्तही आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. प्रसंगी ते हात उगारीत, हे त्यांच्याच विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. खेळाविषयीचा त्यांचा तिटकारा आम्हांला एकांगी वाटतो. मूल खेळतानाही काही शिकते, हे त्यांना मान्य नव्हते. आणि ही शाळा एका अविवाहित माणसाच्या संपूर्ण आयुष्याच्या किमतीवर चालली होती. असा माणूस प्रत्येक गावाला मिळणार नाही. मृत्युपत्रात त्यांनी मुलांना लिहिले की देवापेक्षाही आपण तुमच्यावरच अधिक प्रेम केले, आणि देव ह्या बारकाव्यात शिरणार नाही अशी आशाही व्यक्त केली. सेमिनरीतल्या आमच्या अध्यापकांनी हे वाक्य ऐकले असते तर त्यांच्या कपाळाला आठी पडली असती. आमच्या पडत नाही.

पुस्तकाचे पुढे जे झाले त्यात विनोदही आहे. वर्षभरातच, १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात, ते विद्यापीठांतल्या तरुणांनी झेंड्यासारखे नाचवले. म्हणजे पिएरिनोंनी! जान्नी तेव्हा कारखान्यात होता. १९७१ साली इटलीत पूर्णवेळ शाळेचा कायदा आला, ज्याची मागणी पत्रात होती. १९९२ साली कादंबरीकार सेबास्तियानो वास्साल्ली ह्यांनी वर्तमानपत्रातून फादरांवर कडाडून टीका केली आणि शाळांची पातळी खालावण्याचे खापर ह्याच परंपरेवर फुटले. ह्या टीकेत तथ्य थोडे आहे. 'नापास करू नका' एवढेच वाक्य लोकांनी उचलले आणि त्यापुढचे बारा तास तसेच खाली ठेवले. बार्बियानात कोणी नापास होत नसे हे खरे, पण ज्याला धडा आला नाही त्याच्यासाठी सगळी शाळा थांबत असे. शाळा थांबवायची नाही आणि नापासही करायचे नाही, अशी सोय फादरांनी कोठेही सांगितलेली नाही.

ख्रिस्तसभेने उशीर केला. आपल्या धर्माध्यक्षांनी आपल्या धर्मगुरुपणाची उघड दखल घ्यावी, नाही तर आपले सगळे कार्य एक खाजगी उद्योग ठरेल, असे फादरांनी विनवले होते. जिवंतपणी ती दखल घेतली गेली नाही. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले, थडग्यापाशी प्रार्थना केली, आणि त्या विनवणीला आपली भेट हे उत्तर आहे असे त्यांनी सांगितले. २०२३ साली जन्मशताब्दीच्या दिवशी इटलीचे राष्ट्राध्यक्षही तेथे गेले. संदेष्ट्यांच्या कबरी सजवणाऱ्यांविषयी प्रभू येशूने काय म्हटले आहे हे वाचकांना माहीत आहे. तरीही आम्ही पोपमहोदयांच्या त्या भेटीने सुखावलो. पन्नास वर्षे उशिरा आलेले उत्तरही उत्तरच असते, आणि काही पत्रांना तेही येत नाही.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरवले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेचा मार्ग राज्यांना पुन्हा खुला करून दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. आपल्या संस्थांनी त्याचे स्वागत केले, आणि संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य ही मोलाची गोष्ट आहे ह्याविषयी आमचा वाद नाही. पण दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या पाव जागांतून सुटका झाली म्हणून ज्यांनी समाधानाचा निःश्वास टाकला, त्यांत आम्हीही होतो, हे येथे लिहून ठेवलेले बरे.

आणखी एक कबुली आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेचे व्यवस्थापन आमच्याकडे होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी सगळ्यांची इच्छा, आमचीही. निकाल शंभर टक्के कसा लावतात हे शाळांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते : नववीतच चाळण लावायची, आणि पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून मुलाला बाहेरून बसवण्याचा सल्ला द्यायचा. अशी चौदा नावांची एक यादी आमच्यापुढे आली आणि आम्ही सही केली. त्या वर्षीचा फलक बरेच दिवस फाटकावर होता. त्या चौदांतला, डोंगराकडच्या पाड्यावरचा एक मुलगा चार-पाच वर्षांनी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. त्याला गाडी चालवण्याचा परवाना काढायचा होता. दाखल्यावरचे आपले नाव त्याने दोनदा वाचले, त्यात एक अक्षर चुकले होते ते दाखवले, दुरुस्त होईपर्यंत उभा राहिला आणि 'येतो फादर' म्हणून गेला. त्याने पत्र लिहिले नाही.

बार्बियानाच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर आम्ही गेल्या वर्षी ओळखीच्या एका माध्यमिक शिक्षिकेला वाचायला दिले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या ह्या बाई नववीला मराठी शिकवतात. महिन्याने त्यांनी ते परत केले, तेव्हा समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. काही ठिकाणी 'खरे' असे होते. भाषेविषयीच्या भागापाशी दोन रेघा होत्या. आणि जेथे मुले बाईंना विचारतात की आम्ही मधेच गेलो तेव्हा आमची आठवण तुम्हांला राहिली का, त्या मजकुराशेजारी बारीक अक्षरांत त्यांनी लिहिले होते : "माझ्या वर्गात पासष्ट. तरी आठवतात. नावे विचारा." आम्ही विचारली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून एका जुन्या तुकडीची नावे, हजेरीच्या क्रमाने, सांगायला सुरुवात केली, आणि जी मुले गेली त्यांच्या नावापाशी थांबून प्रत्येकाच्या गावाचे नावही सांगितले.